मोटरसायकलच्या वायरी कुठून न्यायच्या आणि कशा बांधायच्या

नवी वायर टाकताना सुरुवातीला सगळं लक्ष जोडणीवर असतं: लाल कुठे, काळी कुठे, दिवा लागला की काम झालं. दिवा पहिल्या दिवशी लागतोच. तीन महिन्यांनी पावसात हँडल डावीकडे वळवलं की फ्यूज उडतो, आणि मग कुठली वायर कुठे सोललीय ते शोधायला अख्खी गाडी उघडावी लागते. जोडणी बरोबर असूनही हे होतं, कारण वाट चुकलेली असते. म्हणून या लेखात जोडणीपेक्षा वाटेबद्दल जास्त लिहिलं आहे.

वायर मरते ती चार कारणांनी: घासून, एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकून, तापून, किंवा जोडात पाणी शिरून. गाडीचं कंपन या चारही गोष्टींना जोर देतं. पुढची प्रत्येक पायरी यांपैकी कशाला तरी आळा घालण्यासाठी आहे. कारण लक्षात राहिलं की गाडी कुठलीही असो, निर्णय स्वतःचा स्वतः घेता येतो.

उदाहरण म्हणून समजा, पुढे 20 वॅटचे दोन जादा दिवे लावायचे आहेत. बॅटरी सीटखाली, दिवे पुढच्या फोर्कजवळ, स्विच हँडलवर. म्हणजे वायर गाडीच्या जवळजवळ सगळ्या अवघड जागांतून जाणार.

हाताशी काय हवं

वायर सोलायचा स्ट्रिपर, चांगला साइड कटर, टर्मिनल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची कडी किंवा पिन) दाबून बसवायचा रॅचेटचा क्रिंपर आणि मल्टीमीटर. पैसे वाचवायचे असतील तर बाकी कशावरही वाचवा, क्रिंपरवर नको. पक्कडीने दाबलेलं टर्मिनल दिसायला ठीक दिसतं, पण तार नीट आवळली जात नाही. मग जोड गरम होतो आणि काही दिवसांनी निसटतो.

सामानात बारीक तारांची गाड्यांसाठीची वायर घ्या. घराच्या वायरिंगची एकतारी वायर गाडीवर अजिबात वापरू नका, कंपनाने ती आतल्या आत तुटते. त्याशिवाय लागतील: फ्यूज होल्डर, चार पिनांचा रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), वॉटरप्रूफ कपलर (सोडता-जोडता येणारा वायरींचा सांधा), गोल टर्मिनल, आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), विणलेली स्लीव्ह, चिरलेली कोरुगेटेड नळी, कापडी हार्नेस टेप, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकाच्या कडेला बसणारी रिंग), रबर लावलेले धातूचे क्लॅम्प आणि काळे नायलॉनचे केबल टाय. टाय काळेच घ्या. साधे पांढरे टाय उन्हात कडक होतात आणि हात लावताच तुटतात. रुंदी 2.5 आणि 4.8 मिलिमीटर, अशा दोन मापांत पुरे.

नेहमीची चकचकीत इन्सुलेशन टेप गाडीवर वापरू नये असं आमचं ठाम मत आहे. इंजिनच्या उष्णतेने तिचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि वायरीवर चिकट काळा थर राहतो. त्यात धूळ बसते, आणि पुढच्या दुरुस्तीला त्याच वायरी हातात घ्याव्या लागतात.

आधी बॅटरी सोडा

आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. बॅटरीची निगेटिव्ह बाजू चासीला जोडलेली असते. ती तशीच ठेवून पॉझिटिव्हचा नट सोडायला गेलात आणि पान्हा चासीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो, ठिणग्या उडतात, पान्हा लाल होऊ शकतो. निगेटिव्ह आधी सुटलेली असेल तर पान्हा चासीला कुठेही टेकला तरी काही होत नाही.

गाडी आहे त्या स्थितीत सगळीकडून फोटो काढून ठेवा, विशेषतः टाकीखालचे आणि हेडलाइटच्या मागचे. कंपनीने कुठला क्लॅम्प कुठे लावला होता हे जोडताना हमखास विसरायला होतं.

दोरीने वाट आखा

वायर कापण्याआधी वायरीइतक्याच जाडीची दोरी घ्या आणि बॅटरीपासून दिव्यापर्यंत ठरलेल्या वाटेने फिरवा. टाकी आणि सीट काढूनच हे करा, वरून हात घालून अंदाज घेऊ नका. कंपनीचा मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींचा मुख्य जुडगा) जिथून गेला आहे त्याच्या शेजारून जाणं जवळजवळ नेहमीच योग्य असतं, कारण ती जागा उष्णता, पाणी आणि हलणारे भाग यांचा विचार करूनच निवडलेली असते. मूळ हार्नेस कुठे अचानक वळसा घेऊन जात असेल तर त्याला कारण असतं. तिथे जवळची वाट काढायला जाऊ नका.

दोरी बसली की हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि पुढचे शॉकअब्झॉर्बर दाबून पाहा. मग दोरी काढून मोजा आणि वायर कापताना त्याहून साधारण 10 सेंटिमीटर जास्त ठेवा. जास्तीची वायर कापता येते. कमी पडली तर मध्ये जोड द्यावा लागतो, आणि तो नेमका नको त्या ठिकाणी येतो.

हँडलचा भाग: इथे घाई नको

चासीवरून हँडलकडे जाणारी वायर प्रत्येक वळणाला वाकते. गाडीवरची सगळ्यात जास्त वायर इथेच तुटते. तीही अशी तुटते की बाहेरचं आवरण शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं. मग हँडल सरळ असताना दिवा लागतो, वळवलं की जातो.

इलाज सोपा आहे. वायर चासीवर एका जागी पक्की करा, वरच्या टी-प्लेटजवळ (फोर्कचे दोन्ही पाइप वर धरणारी, हँडलखालची प्लेट) दुसऱ्या जागी पक्की करा, आणि मधला 15 ते 20 सेंटिमीटरचा भाग मोकळी कमान म्हणून सोडा. ही कमान कोनसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) जितकी जवळ, तितकी चांगली. वळण्याच्या आसाजवळ वायरीला कमी अंतर हलावं लागतं, आणि ती एका जागी मुडपण्याऐवजी सगळ्या लांबीत थोडी थोडी पिळली जाते. या भागात टाय नको, जोड नको, कपलर नको, आणि घट्ट गुंडाळलेली टेपही नको. टेपने वायरींचा जुडगा दांड्यासारखा ताठ होतो आणि टेप जिथे संपते तिथे सगळं वाकणं गोळा होतं. इथे फक्त सैल विणलेली स्लीव्ह घाला.

मग हँडल पूर्ण उजवीकडे आणि पूर्ण डावीकडे वळवून तीन गोष्टी पाहा. ताण पडणाऱ्या बाजूला कमान थोडी तरी सैल राहते का? सैल पडणाऱ्या बाजूला ती घडी पडून कुठे अडकते का? आणि वळण अडवणारा चासीवरचा स्टॉपर व त्यावर आदळणारा टी-प्लेटचा भाग, या दोघांच्या मध्ये वायर येते का? ही तिसरी गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. हँडल लॉक करताना ते दोन धातू एकमेकांवर टेकतात, आणि मध्ये सापडलेली वायर कात्रीत सापडल्यासारखी चिरडली जाते. बोट घालून चाचपून बघू नका, टॉर्च मारून पाहा.

क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलीही याच भागातून जातात. वायर त्यांना बांधू नका आणि त्यांच्या वळणाच्या आतून नेऊ नका. सगळं बसल्यावर इंजिन चालू करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आयडलिंग वाढलं तर ॲक्सिलरेटरची केबल कशात तरी ओढली जात आहे. गाडी तशीच रस्त्यावर नेणं जिवावर बेतू शकतं. आधी ते सोडवा, मगच पुढे जा.

टाकीखाली आणि इंजिनजवळ

वायर चासीच्या मुख्य पाइपच्या वरून नेऊ नका, बाजूने न्या. वरून गेली तर टाकी तिच्यावर बसते. टाकी परत ठेवताना ती स्वतःच्या वजनाने पुढच्या रबरांवर बसली पाहिजे आणि मागच्या बोल्टचं भोक आपोआप जुळलं पाहिजे. टाकी दाबून धरूनच बोल्ट लागत असेल तर खाली काहीतरी चेपलं जात आहे. बोल्ट आवळू नका, टाकी परत उचला.

सायलेन्सरचा बेंड पाइप आणि सिलेंडर हेड यांपासून किमान 5 सेंटिमीटर अंतर ठेवा. साध्या पीव्हीसी आवरणाच्या वायरी प्रकारानुसार 70 ते 105 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतात. बेंड पाइप त्याच्या कितीतरी वर तापतो. जवळून जावंच लागलं तर फायबरग्लासची स्लीव्ह घाला आणि क्लॅम्प लावा, टाय नको. तापून मऊ पडलेला टाय ताणला जातो आणि वायर हळूहळू खाली झुकत पाइपावर टेकते.

स्पार्क प्लगची हाय टेन्शन वायर इतर वायरींबरोबर एका जुडग्यात घेऊ नका, तिच्यातल्या धक्क्यांनी सेन्सरचे सिग्नल बिघडू शकतात. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. मॅग्नेटकडून (इंजिनवर वीज तयार करणारा भाग) रेग्युलेटरकडे (ती वीज बॅटरीजोगी करणारा भाग) जाणाऱ्या, बहुतेक गाड्यांत एकाच रंगाच्या असणाऱ्या तीन जाड वायरींपासूनही नवी वायर लांब ठेवा. त्यांतून मोठा करंट सतत वाहतो, त्या तापतात आणि त्यांना हवा लागते. त्यांचा कपलर पिवळा-तपकिरी पडलेला दिसला तर आतली पकड सैल झाली आहे. टाकी उघडलेलीच आहे तर तोही बदलून घ्या.

पुढच्या स्प्रॉकेटच्या आसपास साइड स्टँडच्या किंवा गिअर सेन्सरच्या वायरी असतात. त्यांचे मूळ क्लॅम्प काढले असतील तर जसे होते तसेच परत लावा. तिथली सुटी वायर चेन ओढून नेते.

मागच्या भागात एकच सांगायचं आहे. मडगार्डच्या आतून गेलेली वायर टायरच्या वाटेत येत नाही ना, हे शॉक पूर्ण दबल्याचं धरून तपासा, गाडी स्टँडवर असताना दिसणाऱ्या अंतरावर जाऊ नका. दोघे बसून खड्ड्यात गेल्यावर टायर बराच वर येतो.

वायरीची जाडी, फ्यूज आणि रिले

20 वॅटचे दोन दिवे म्हणजे 40 वॅट. 12 व्होल्टने भागलं की साधारण 3.3 अँपिअर. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाऊन परत यायला 3 मीटर वायर धरली, तर 1 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत सुमारे 0.17 व्होल्ट वाटेत जातात. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीत ते दुप्पट, म्हणजे 0.35. दिवा दोन्हींवर लागेल, पण जाड वायरीवर जास्त उजळ. म्हणून या कामाला 1 चौरस मिलिमीटर घ्या. स्विचपासून रिलेपर्यंत मात्र 0.5 पुरते, कारण रिलेची कॉइल साधारण 0.15 अँपिअरच घेते.

फ्यूज या कामाला 5 अँपिअरचा, रंग फिकट तपकिरी. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरीला आग लागू नये म्हणून असतो. त्यामुळे तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून 15 सेंटिमीटरच्या आत हवा. फ्यूज दिव्याजवळ लावला तर बॅटरी ते फ्यूज या सगळ्या वायरीला संरक्षण उरत नाही, आणि ती वाटेत कुठे चासीला टेकली की तिला अडवायला काहीच नसतं. फ्यूज उडाला म्हणून 20 अँपिअरचा पिवळा फ्यूज घालणं म्हणजे फ्यूजच्या जागी वायर जळू देणं.

रिलेचे चार पाय असे जोडा:

30 — बॅटरीच्या पॉझिटिव्हला, फ्यूजमधून
87 — दिव्यांच्या पॉझिटिव्हला
85 — अर्थला
86 — हँडलवरच्या स्विचमधून, चावी लावल्यावरच चालू होणाऱ्या वायरीला

86 थेट बॅटरीला जोडला तर गाडी बंद असतानाही दिवे लागू शकतात, आणि स्विच चालू राहून गेला की सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. चावीवरचा पुरवठा घ्यायला पार्किंग लाइटची वायर सोयीची असते. मूळ वायरीला चावा घेणारे झटपट निळे-लाल क्लिप मात्र वापरू नका, ते तारा कापतात आणि आत पाणी धरतात. एबीएसच्या चाकांच्या सेन्सरच्या वायरी आणि पिळलेल्या जोडीतून जाणाऱ्या डेटाच्या वायरी यांना तर हातच लावू नका.

रिले पाय खाली करून लावा, म्हणजे पाणी आत साचत नाही.

अर्थसाठी दिव्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर आणणं उत्तम. चासीला द्यायचाच असेल तर बोल्टखालचा रंग खरवडून धातू चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून थोडं ग्रीस लावा. रंगावर बसवलेला अर्थ कधी लागतो, कधी लागत नाही, आणि त्याचा दोष दिव्याच्या माथी मारला जातो.

जोड द्यायचा तो दाबून, झाळून नव्हे

झाळताना (सोल्डर करताना) वितळलेलं शिसं तारांमधून आवरणाखाली काही मिलिमीटर पुढे ओढलं जातं. तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि ताठ भाग संपून मऊ वायर सुरू होते तिथेच कंपनाने तार तुटते. म्हणून हलणाऱ्या गाडीवर नीट दाबलेलं टर्मिनल जास्त टिकतं. झाळायचंच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर पक्की बांधा, म्हणजे जोड हलणार नाही.

टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात. आतली जोडी उघडं तांबं धरते, बाहेरची जोडी आवरण धरते. वायर साधारण 5 मिलिमीटर सोला. एकही तार कापली गेली असेल तर टोक छाटून पुन्हा सोला. तांबं आतल्या पंखांच्या पुढे जेमतेम 1 मिलिमीटर डोकावलं पाहिजे, आणि आवरणाची कड दोन जोड्यांच्या मधल्या फटीत दिसली पाहिजे. आवरण आतल्या पंखांत गेलं तर टर्मिनल प्लास्टिकच धरून बसतं, तांब्याला टेकतच नाही. दाबून झालं की वायर धरून जोरात ओढा. निसटायची असेल तर आत्ताच निसटू दे.

हीट श्रिंक जोडण्याआधी वायरीवर ओवून, जोडापासून लांब सरकवून ठेवा. जोड झाल्यावर आठवलं तर सगळं सोडावं लागतं. एकाच जुडग्यात अनेक जोड असतील तर ते शेजारी शेजारी न घेता 2 ते 3 सेंटिमीटर पुढेमागे घ्या. एकाच जागी आले तर गाठ होते, आणि तीच गाठ टाकीखाली चेपते.

आवरण आणि बांधणी

सगळ्या वायरी एकमेकींना पीळ न पडता सरळ जुळवा आणि दर 10 सेंटिमीटरला कापडी टेपचा एक वेढा द्या. मग जागेप्रमाणे आवरण: घासण्याची भीती असेल तिथे कोरुगेटेड नळी, हँडलजवळ विणलेली स्लीव्ह, बाकी ठिकाणी कापडी टेप. नळी गच्च भरू नका. चिरेवर जुडगा फुगून बाहेर येत असेल तर नळी एक माप मोठी घ्या. चीर खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी गळून जाईल. पत्र्याच्या भोकातून जाताना ग्रोमेट हवाच. पत्र्याची कड काही महिन्यांत जाड आवरणही कापते.

कपलर शक्यतो सीटखाली किंवा हेडलाइटच्या मागे आणा आणि त्याचं तोंड खाली किंवा आडवं ठेवा. वायर कपलरमध्ये शिरण्याआधी तिला थोडा खाली झोल द्या. पाणी वायरीवरून ओघळत येतं, झोलाच्या तळाशी थेंब होऊन पडतं आणि कपलरपर्यंत चढत नाही.

टाय दर 10 ते 15 सेंटिमीटरवर, आणि प्रत्येक कपलरच्या साधारण 5 सेंटिमीटर आधी एक, म्हणजे ओढ टर्मिनलवर न येता टायवर येते. चासीवर बांधताना आधी त्या जागी कापडी टेपचे दोन वेढे द्या. नुसत्या रंगावर बांधलेल्या जुडग्याखाली बारीक वाळू जाते, आणि ती पॉलिश पेपरसारखी रंग आणि आवरण दोन्ही खाते. टाय किती आवळायचा? जुडगा आपणहून सरकू नये, पण दोन बोटांनी ढकलला तर सरकावा. वायरीचं आवरण टायखाली चपटं झालेलं दिसलं तर जास्त झालं. ब्रेकच्या होजला, केबलींना किंवा इंधनाच्या नळीला काहीही बांधू नका.

टायचं टोक डोक्याशी अगदी सपाट कापा. तिरकं कापलेलं टोक ब्लेडसारखं धारदार होतं. पुढच्या वेळी टाकीखाली हात घालणाऱ्याचं बोट त्याने चिरतं आणि शेजारची वायरही सोलली जाते. कटरची सपाट बाजू टायच्या डोक्याकडे ठेवली की टोक उरत नाही.

तपासणी

बॅटरी जोडण्याआधी फ्यूज काढून ठेवा. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बझर वाजतो ते सेटिंग) ठेवून फ्यूज होल्डरपासून पुढे गेलेली पॉझिटिव्ह वायर आणि चासी यांना टोकं लावा. बझर वाजला तर वायर कुठेतरी टेकली आहे. हँडल वळवत, जुडगा हलवत हे पुन्हा करा. मग बॅटरी जोडा, फ्यूज घाला, इंजिन चालू करून दिवे लावा आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह ते दिव्याचा पॉझिटिव्ह यांमधले व्होल्ट मोजा. आपल्या उदाहरणात 0.2 च्या आत यायला हवेत. जास्त असतील तर बोटाने एकेक जोड चाचपा. जो कोमट लागेल तो पुन्हा करा.

पाणी मारून पाहायचं असेल तर साध्या नळाने मारा. प्रेशर वॉशरचा झोत थेट कपलरवर धरला तर चांगलं सीलही उलटतं.

साधारण 500 किलोमीटर चालल्यावर सीट आणि टाकी एकदा उघडा. या वेळी टायपेक्षा आजूबाजूचा धातू आणि नळी बघा. नळीवर कुठे चकचकीत गुळगुळीत पट्टा दिसला, किंवा चासीवरची धूळ एकाच रेघेत पुसली गेलेली दिसली, तर वायर तिथे घासते आहे. आवरण अजून शाबूत आहे तोवरच ती जागा बदला. तीच वायर 1 सेंटिमीटर बाजूला घेऊन एक क्लॅम्प लावला की बहुतेक वेळा भागतं.